दक्षिण स्पेन : चार रात्री, तीन खिसे, एक सासूबाई

कोथिंबीरवडी | १२ ऑगस्ट

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण स्पेनला जायचं घाटतंय. मी इंग्लंडात रेडिंगला असते, शाळेत शिकवते, त्यामुळे सुट्टी मिळते तेव्हाच मिळते. शनिवारी निघायचं, बुधवारी परत. चार रात्री.

अडचण जागेची नाही, माणसांची आहे. आम्ही दोघं मध्यम, म्हणजे खोली स्वच्छ हवी आणि बिल बघून छातीत धस्स होऊ नये. नणंद आणि तिचे यजमान दुबईहून येणार, त्यांना हॉटेल चांगलंच लागतं. भाचा जर्मनीत एमएस करतोय, त्याचं बजेट विमान धरून अडीचशे युरो, आणि तो आमच्याकडून एक पैसा घ्यायला तयार नाही (भावाचाच मुलगा, भावावरच गेलाय). शिवाय सासूबाई. वय ७१, तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आलेल्या असतील. अंडंसुद्धा चालत नाही, गुडघे कुरकुरतात, हौस मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त.

सेविया, कोर्दोबा, ग्रनादा, मालागा चारही बघायचीच असं नणंदेचं म्हणणं. जमेल का? आणि तीन बजेटं एका सहलीत कशी बसवायची?

खिसापाकीट | १२ ऑगस्ट

चार रात्रींत चार शहरं म्हणजे चार बसस्थानकं बघून याल.

भाच्याला माझा निरोप द्या : विमानाचं तिकीट आजच काढ आणि सीटखाली मावेल एवढीच बॅग ने. बाकीचं मग बोलू.

तिखटजाळ | १२ ऑगस्ट

नणंद, सासू आणि भाचा एकाच सहलीत. ताई, तुम्हाला स्पेनची नाही, शौर्यपदकाची गरज आहे.

अजाणता | १३ ऑगस्ट

मी कामानिमित्त सव्वा वर्ष सेवियात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नकाशावर चारही शहरं जवळजवळ दिसतात, पण प्रवास सारखा नाही. सेविया ते कोर्दोबा वेगवान गाडीने पाऊण तास. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आरामात. सेविया ते ग्रनादा बसने तीन तास. ग्रनादा ते मालागा बसने दीड-पावणेदोन तास. म्हणजे सेविया-कोर्दोबा ही एक जोडी आणि ग्रनादा-मालागा ही दुसरी. चार रात्रींत एक जोडी नीट होते. दोन्ही करायला गेलात तर सासूबाई तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या बाहेर पडणार नाहीत.

आता खिशाचं. सहा जणांनी एकाच हॉटेलात राहायचा हट्ट सोडा. आमच्या घरच्या सहलींत भांडणं झाली ती सगळी इथेच झाली. कुणाला महाग पडतं, कुणाला हलकं वाटतं. झोपायला वेगळे, फिरायला आणि जेवायला एकत्र, असं ठेवा. सेवियाचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे, वेगवेगळे राहिलात तरी वीस मिनिटांत भेटाल.

नणंदबाईंना ऐट हवी असेल तर १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी बांधलेलं आल्फोन्सो तेरावा हॉटेल आहे. रात्रीचे कित्येकशे युरो मोजायची तयारी हवी. त्यापेक्षा सांता क्रूझ भागातल्या जुन्या वाड्यांची केलेली छोटी हॉटेलं मला जास्त आवडतात. मध्ये चौक, चौकात कारंजं, भिंतींना रंगीत फरश्या. एकच गोम, त्या गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही. शेवटची पाच मिनिटं दगडी फरसबंदीवरून बॅगा ओढायच्या.

तुम्हाला आणि सासूबाईंना त्रियाना, नदीच्या पलीकडचा भाग. मूळचा कुंभारांचा आणि खलाशांचा, आता घरं भाड्याने मिळतात. बुक करताना लिफ्ट आहे का एवढं विचारा. जुन्या इमारतींत बहुधा नसते.

भाचा हॉस्टेलात. आठ जणांच्या खोलीत एक पलंग पंचवीस-तीस युरोला पडेल.

सह्यकडा | १३ ऑगस्ट

व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. भाच्याकडे जर्मनीचा निवास परवाना असेल तर त्याला काही नको. सासूबाईंना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) लागेल आणि अर्ज त्या राहतात तिथून, म्हणजे भारतातूनच करायचा. तुमच्याकडे येऊन मग बघू, असं करू नका. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पण अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच जीव जातो. आजच बघा. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. आणि स्पेनहून त्या परत इंग्लंडात येणार, तर तिकडचा व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही तपासा.

दुबईकरांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनाही शेंगेन लागेल, त्यांनी दुबईतून करावा. त्यांनी माद्रिदपर्यंत विमानाने यावं आणि आतोचा स्टेशनवरून सेवियाची गाडी पकडावी, अडीच तास लागतात. १९९२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी हीच लाइन देशात सगळ्यात आधी वेगवान झाली.

कोथिंबीरवडी | १३ ऑगस्ट

बाप रे, व्हिसा डोक्यातच नव्हता. सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी फोटो काढून ठेवलेत, तुझीच वाट बघतेय."

अजाणता, खूप आभार. वेगवेगळं राहायचं पटलं. पण ग्रनादाचा अल्हाम्ब्रा, म्हणजे तो किल्ला आणि राजवाडे, नाही बघायचा म्हटल्यावर नणंद रुसलीये. भाच्यालाही तोच बघायचाय.

अजाणता | १४ ऑगस्ट

मग त्यांनी जावं की. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे असं कुठे आहे? सोमवारी सगळे मिळून कोर्दोबा करा. तिथून भाचा परस्पर ग्रनादाला जाईल, मंगळवारी अल्हाम्ब्रा बघेल आणि बुधवारी मालागाहून विमान धरेल. नणंदबाईंनाही तसंच जमेल. तुम्ही तिघं सेवियातच राहा. सासूबाईंना अल्हाम्ब्रा झेपणार नाही असं नाही, तिथे चाकाच्या खुर्चीसाठी सोयीचा मार्गही आहे. पण नीट बघायला तीन तास लागतात आणि चढउतार आहे.

एक मात्र ठळक अक्षरांत लिहून घ्या : आधी अल्हाम्ब्राचं तिकीट, मग हॉटेल, मग बाकी सगळं. रोज किती माणसं आत सोडायची ते ठरलेलं आहे. तिकिटावर नाव असतं, दारावर पासपोर्ट बघतात. आतल्या नासरी सुलतानांच्या राजवाड्यांसाठी तर अर्ध्या तासाची वेळ नेमून देतात. ती चुकली की बाग बघा आणि परत या. भरपूर पैसे आहेत म्हणून ऐनवेळी तिकीट मिळेल असं तिथे होत नाही.

मावशी_डोंबिवली | १४ ऑगस्ट

कोथिंबीरवडी, तुझ्या सासूबाईंसाठी मी लिहिते. मीही अंडं न खाणारी, आणि दोन वर्षांपूर्वी आठ दिवस तिथे राहून जिवंत परत आले आहे.

"शाकाहारी" एवढंच सांगून भागत नाही. मी सांगितलं तर माझ्यासमोर टुना घातलेलं सॅलड आलं. मासा म्हणजे मांस नव्हे अशी तिथल्या पुष्कळांची समजूत. तीन शब्द कागदावर लिहून पर्समध्ये ठेव : सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो. हॅम नको, मासे नकोत, अंडं नको.

आता काय मागायचं. एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणजे पालक आणि छोले, जिरं घातलेले. सेवियातच मिळतात आणि आपल्या पालकाच्या पातळभाजीची आठवण येते. साल्मोरेखो हे टोमॅटो आणि पावाचं दाट गार सार, पण वरून अंडं आणि हॅम भुरभुरतात, आधीच नको म्हणायचं. आणि वांगी! वांग्याचे तळलेले काप, वर उसाची मिएल दे कान्या. मी चाटून बघितलं आणि यजमानांना म्हटलं, अहो, ही तर आपली काकवी! खरोखर काकवीच आहे ती, मालागाकडे अजून करतात. कढई माशांची नाही ना एवढं विचारून घ्यायचं.

घरून मेतकूट, चटणी न्या, पण पेढे, बर्फी, तूप नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, आणि आता इंग्लंडही बाहेरच.

जेवणाच्या वेळांचा मात्र त्रास होतो. दुपारी चारनंतर स्वयंपाकघर बंद, रात्रीचं जेवण नवाच्या पुढे. दुकानंही दुपारी बंद. (पुण्याचा विनोद सुचला असेल तर गिळून टाका.)

तिखटजाळ | १४ ऑगस्ट

गिळला. त्याऐवजी हे घ्या. संत्र्याला स्पॅनिशमध्ये नारान्खा म्हणतात. संस्कृत नारंग फारसीत गेला, तिथून अरबीत, अरबांबरोबर स्पेनला. तेच आपलं नारिंग. साखरेला आसुकार म्हणतात, त्याचंही मूळ शर्करेत. बटाटा मात्र उलट्या वाटेने आपल्याकडे आला, पोर्तुगीजांबरोबर. म्हणजे सासूबाईंनी पातातास ब्राव्हास मागवले तर निम्मा शब्द घरचाच.

खिसापाकीट | १५ ऑगस्ट

भाच्याचं अर्थशास्त्र. मी विद्यार्थी असताना हे सगळं केलंय.

कोर्दोबाच्या मेझकितात (जुनी मशीद, आता कॅथीड्रल) सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ फुकट सोडतात. एरवी तिकीट आहे. फुकट म्हणून नाही, पण त्या वेळी आत जवळजवळ कुणी नसतं. ८५६ खांब. सगळ्यात जुन्या भागातले तर रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतरचे राज्यकर्ते) इमारतींतून उचलून आणलेले, त्यामुळे कुणाची उंची कुणाशी जुळत नाही. छत उंच करायचं तर खांब बुटके. म्हणून कमानीवर कमान अशी दुमजली रचना केली, लाल विटा आणि पांढरा दगड आलटून पालटून. आठव्या शतकातला जुगाड आहे तो. आणि त्या जंगलाच्या मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं आख्खं कॅथीड्रल.

सेवियाच्या आल्काझार राजवाड्यात सोमवारी शेवटचा तास जवळपास फुकट, पण ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं आणि जागा भराभर जातात.

तिथला प्लाझा दे एस्पान्या हा चौक कायमच फुकट. ग्रनादात कुठल्याही पेयाबरोबर एक तापा (बशीभर खाणं) फुकट येतो. दोन पेयं घेतली की जेवण झालं. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या घेऊ नका.

अजाणता | १५ ऑगस्ट

आल्काझारला तास पुरत नाही हो. नुसत्या बागांना तास लागतो. तिथे पंधरा-सोळा युरो खर्च करा, सकाळची पहिली वेळ घ्या. काटकसर जेवणात करा. दुपारी "मेनू देल दिया" घ्यायचा, दोन पदार्थ, पाव, पेय, गोड, सगळं बारा ते सोळा युरोत. तेच रात्री त्याच टेबलावर दुप्पट होतं.

सेवियाच्या कॅथीड्रलच्या तिकिटात साल्वादोर चर्चही धरलेलं असतं. तिथल्या खिडकीवर तिकीट घेतलं तर मोठी रांग टळते. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, म्हणून पर्यटकांना दुपारीच सोडतात.

आणि कॅथीड्रलच्या आसपास बायका हातात रोझमेरीची डहाळी कोंबतात. घ्यायची नाही. घेतली की लगेच हात बघून भविष्य सांगतात आणि पैसे मागतात.

गणूचा_बाप | १६ ऑगस्ट

आम्ही जुलैमध्ये गेलो होतो. जाऊ नका. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि का नसतं ते दहा मिनिटांत कळतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोर्दोबा प्रांतात पारा ४७ च्या वर गेला होता. ऑक्टोबरअखेर मात्र उत्तम. ग्रनादाला रात्री स्वेटर लागेल.

फ्लामेंकोबद्दल : जेवणासकटचा मोठा कार्यक्रम घेऊ नका. आम्ही घेतला, जेवण थंड आणि नाच लांब. साठ-सत्तर खुर्च्यांची छोटी जागा बघा, माइक नसलेली. पायांचा आवाज छातीत येतो. कथ्थक बघणाऱ्याला तर तिथेच हिशोब सुचायला लागतो.

कोथिंबीरवडी | १६ ऑगस्ट

ठरलं. भाच्याने काल रात्रीच अल्हाम्ब्राचं तिकीट काढलं. नणंदेला लिंक पाठवली, ती म्हणाली, "आधी हॉटेल बघते, तिकीट काय, मिळेलच."

अजाणता | १६ ऑगस्ट

😐

कोथिंबीरवडी | ८ नोव्हेंबर

आलो परत! धागा वर काढते, कबूल केल्याप्रमाणे वृत्तांत.

आधी हिशोब. भाच्याचे अडीचशेचे तीनशे दहा झाले. बॅग दोन बोटं मोठी निघाली आणि विमानाच्या दारात ४६ युरो भरावे लागले. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट ३८ चं होतं! खिसापाकीट, तुमचा निरोप मी दिला होता, त्याने ऐकला नाही. त्याचं तोंड बघून सासूबाईंनी "दिवाळीचे घे" म्हणून पन्नास युरो हातावर ठेवले. आमच्याकडून घेत नव्हता, त्यांना नाही म्हणता आलं नाही त्याला.

नणंदेने ग्रनादात चक्क अल्हाम्ब्राच्या आवारातलं, जुन्या मठात असलेलं सरकारी हॉटेल बुक केलं होतं. एका रात्रीचं भाडं सांगत नाही, तुम्हाला झोप लागणार नाही. आणि राजवाड्यांची तिकिटं संपलेली! शेवटी नुसत्या बागा आणि किल्ल्याचं तिकीट मिळालं. भाचा हॉस्टेलातून बसने वर आला, वीस-बावीस युरोच्या तिकिटावर सिंहांच्या चौकात पाऊण तास उभा राहिला आणि मग आत्याच्या नणंदेला फोनमध्ये सगळे फोटो दाखवत बसला. अजाणता, तुमचा तो 😐 मी तिला दाखवलाय.

आमची त्रियानातली जागा छान होती. लिफ्ट होती, एका वेळी दीड माणूस मावेल एवढी.

घड्याळं एक तास मागे जायची रात्र नेमकी आमच्या मुक्कामातली. सासूबाईंचं घड्याळ मनगटावरचं, ते मागे गेलंच नाही आणि त्यांनी जाऊ दिलंही नाही. सोमवारी पहाटे पाचला आंघोळ करून, पातळ नेसून, पर्स घेऊन सोफ्यावर बसलेल्या. म्हणून कोर्दोबाची पहाटेची गाडी मिळाली आणि मेझकिताच्या त्या फुकटच्या तासात आम्ही आत होतो. आत गेल्यावर त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग एका खांबाला हात लावून म्हणाल्या, "हा बघ, याला खाली दगड लावून उंच केलाय." त्यानंतर त्यांना प्रत्येक बुटका खांब दिसायला लागला.

पण खरी गंमत हिराल्दाची, म्हणजे सेवियाच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याची. मी म्हटलं होतं की मनोऱ्यावर तुम्ही चढू नका, खाली बाकावर बसा. तर तिथे पायऱ्याच नाहीत! बाराव्या शतकातला मशिदीचा मिनार, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून आत उतरणी केलेल्या. पस्तीस. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला. सासूबाई एक हात भिंतीला लावून मोठ्याने आकडे म्हणत चढल्या. एकविसाव्याला मी बसले. त्या थांबल्या नाहीत. अगदी शेवटी मात्र थोड्या पायऱ्या आहेत, तिथे एका अनोळखी मुलीने त्यांना हात दिला.

जेवणाचं मावशींनी सांगितलं तस्संच. पालक-छोले चार वेळा खाल्ले. काकवीची वांगी बघून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब आले ते काकवी खायला."

रोझमेरीवाली बाई आम्हालाही भेटली. सासूबाईंनी डहाळी घेतली, वास घेतला, "छान आहे" असं मराठीत म्हणाल्या, परत केली आणि चालू लागल्या. ती बाई बघतच राहिली.

मावशी_डोंबिवली | ८ नोव्हेंबर

वाचून डोळे भरून आले. काकवी सांगलीकरणीने ओळखली हे ऐकून विशेष बरं वाटलं. त्यांना कशाची रुखरुख लागली का गं?

कोथिंबीरवडी | ९ नोव्हेंबर

लागली की. संत्र्यांची! रस्तोरस्ती झाडं लगडलेली, फळं अजून हिरवीच. "ईडलिंबासारखी दिसतात, चार तोडून दे, लोणचं घालते." मी तोडू दिली नाहीत.

अजाणता | ९ नोव्हेंबर

बरं केलंत. रस्त्यावरच्या झाडांची फळं खात नाहीत, गाड्यांचा धूर बसलेला असतो. तशीही ती कडू जात. पिकतात हिवाळ्यात. त्याच जातीची, बागांत पिकवलेली तुमच्याकडेच येतात, मार्मलेडसाठी. जानेवारीत दुकानात बघा.

कोथिंबीरवडी | १९ जानेवारी

अजाणता, मिळाली! भाजीच्या दुकानात एका टोपलीवर "सेविल" (म्हणजे सेविया) अशी पाटी. दोन किलो घेतली. सासूबाईंनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर समोर बसून फोडी करायला लावल्या, बिया एकेक काढायला लावल्या, मीठ तिसऱ्यांदा वाढवायला लावलं. बरणी खिडकीत ठेवलीये. इथे ऊन नाही, म्हणून रोज हलवायची असा हुकूम आहे.